कोकणात धनुर्विद्येचा सराव: धनुष्य जुळवण्यापासून पन्नास मीटरपर्यंत

भात कापून मळे मोकळे झाले की कोकणात धनुष्यबाणाचा खरा हंगाम सुरू होतो. जमीन वाळलेली असते, पाऊस लांब गेलेला असतो आणि मेअखेरपर्यंतचे महिने हाताशी असतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाऊंडची (टोकांना चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याची) वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. तेव्हापासून गावोगावची पोरं कंपाऊंड धनुष्याबद्दल विचारतात आणि काहीजण ते ऑनलाइन मागवूनही मोकळे होतात. खोकं उघडलं की पुढे काय करायचं, हे सांगणारं मात्र जवळपास कोणी नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: क्रम पाळा. आधी शरीराचं माप, मग धनुष्य, मग बाण, मग ट्यूनिंग (बाण नीट जावा म्हणून केलेले बारीक बदल), आणि त्या प्रत्येक टप्प्यावर एका वेळी एकच बदल. बाण डावीकडे जातोय म्हणून एकाच संध्याकाळी साईट (नेम धरायची खूण) हलवली, रेस्ट (बाण टेकतो तो आधार) हलवला आणि पकडही बदलली, तर नेमकं कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

शिकारीचा विषय आधी मिटवू

बाजारात मिळणारी बरीच कंपाऊंड धनुष्यं परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली असतात. रंग झाडापानांचा, लांबी आखूड, ताकद भरपूर. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि धनुष्यबाणाने केली म्हणून ती चालते असं अजिबात नाही. रानडुकरं भाताची आणि कंदांची किती नासाडी करतात हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यावर रस्ता वनखात्याचाच: पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज, आणि पुढे जो काही निर्णय व्हायचा तो खात्याच्या परवानगीनेच.

धनुष्य मात्र तेच ठेवून थ्री-डी प्रकार खेळता येतो. त्यात फोमचे प्राणी रानात वेगवेगळ्या अंतरांवर मांडलेले असतात, अंतर लिहिलेलं नसतं, ते नजरेने ओळखायचं असतं. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत ११, १०, ८ आणि ५ असे गुण असतात. काजूच्या बागा आणि उतार यांमुळे कोकण या प्रकारासाठी फार सुंदर प्रदेश आहे. पाती असलेली ब्रॉडहेड टोकं मात्र विकत घेऊच नका. ती लक्ष्य फाडतात, बाण उपसताना हात कापतात आणि आपल्या कोणत्याही सरावात त्यांचं काम नाही. साधी गोल फील्ड पॉइंट टोकं पुरतात.

जागा आणि लक्ष्य

मोकळा कातळसडा दिसला की मैदान मिळालं असं वाटतं. सुटलेला बाण जांभ्यावर आदळला की काय होतं ते पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. कार्बनचा बाण टोकापासून उभा चिरतो किंवा उसळून भलतीकडेच जातो. जुनी चिरेखाण तर आणखी फसवी. तिन्ही बाजूंनी कापलेल्या भिंती असल्यामुळे ती सुरक्षित वाटते, पण त्याच भिंती बाण परत फेकतात. खाण वापरायचीच असेल तर भिंतीच्या आत, लक्ष्याच्या मागे, मातीच्या गोणींचा थर रचावा लागतो.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे भाताचा मळा, ज्याच्या एका टोकाला मातीचा उंच बांध आहे. बांध नसेल तर लक्ष्याच्या मागे निदान शूटिंगच्या अंतराइतकी जागा पूर्ण रिकामी आणि नजरेच्या टप्प्यात हवी. पायवाट, पाणंद, विहिरीकडे जाणारी वाट मागे असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही सोयीची असली तरी. शक्य असेल तर तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे सकाळी किंवा समुद्राकडे कलताना ऊन थेट डोळ्यांत येत नाही.

मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं लक्ष्याच्या मागे सैल, दोन-तीन पदरी टांगता येतं. चुकलेला हलका बाण ते गुंतवून घेतं. पण ताकदीचा कंपाऊंड बाण त्यातून पार जाऊ शकतो, म्हणून जाळं ही बांधाला दिलेली जोड समजा. बांधाची जागा ते घेत नाही.

लक्ष्याचा गठ्ठा, ज्याला आपण बट म्हणतो, घरीही होतो. पेंढा दाबून बांधलेला गठ्ठा २०-२५ पाउंड ताकदीच्या (ओढायला लागणाऱ्या बळाच्या) रिकर्व्हला, म्हणजे चाकं नसलेल्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, चालतो, पण तो घट्ट हवा. हाताचं बोट आत गेलं तर बाणही जाणार. दुसरा सोपा उपाय गोणीचा: मजबूत गोणीत जुने सुती कपडे ठासून भरायचे. त्याआधी प्रत्येक शर्टाची बटणं आणि प्रत्येक पॅन्टची चेन कापून काढायची, कारण त्यावर बाण बसला की टोक वाकतं किंवा बाण उलटा येतो. भरताना मध्ये मध्ये उभं राहून पायाने तुडवा, तोंड शिवा आणि गोणी लाकडी चौकटीत टांगा. कंपाऊंडसाठी पीई फोमच्या पट्ट्या एकावर एक रचून, वरखाली फळ्या आणि दोन्ही बाजूंनी थ्रेडेड रॉड लावून नटांनी आवळायच्या. बाण पट्ट्यांच्या फटीत शिरतो आणि घर्षणाने थांबतो. मधला भाग सैल पडला की नट आवळायचे किंवा पट्ट्यांची अदलाबदल करायची. बट कशाचाही असो, पहिले बाण जवळून आणि मागे मातीचा ढीग ठेवूनच मारा, आणि टोक पलीकडून बाहेर येतंय का ते बघा.

एक काम इथे फारच महत्त्वाचं आहे. भात कापल्यावर मळ्यात गुरं सोडतात. गवतात राहिलेला कार्बनचा तुटका तुकडा सुईसारख्या धाग्यांचा असतो आणि तो गुराच्या तोंडात गेला तर हाल होतात. मळा ज्यांचा, त्या आजोबांनी एकदाच सांगितलं होतं, "गुरां सोडूची आसत, सगळे बाण मोजून काढा रे पोरांनू." तेव्हापासून आमच्याकडे बाण मोजून द्यायचे आणि मोजूनच परत घ्यायचे असा रिवाज आहे. नारिंगी किंवा हिरवे चकाकते नॉक (बाणाची दोरीत बसणारी मागची खाच) लावले तर शोधणं सोपं जातं. एक जरी कमी भरला तरी सगळे थांबतात आणि शोधतात.

शरीराचं माप

आधी डोळा. दोन्ही तळहातांचा छोटा त्रिकोण करून लांबची एक वस्तू त्यात धरा, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसते तो तुमचा प्रबळ डोळा. उजवा डोळा प्रबळ असेल तर उजव्या हाताने ओढायचं धनुष्य घ्या. लिहिण्याचा हात वेगळा असला तरी नवशिक्याने डोळ्याचंच ऐकावं असं माझं मत आहे.

मग ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे येणार ते माप. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि २.५ ने भागा. १७० सेंटिमीटर भरलं तर ६८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २६.८ इंच. हा फक्त पहिला अंदाज. खरं माप पूर्ण ओढून, कुणाकडून तरी बाणावर खूण करून घ्यायचं.

रिकर्व्हची लांबी यावरून ठरते: २६-२७ इंचाला साधारण ६६ इंची, २८-२९ इंचाला ६८ इंची, ३० च्या पुढे ७० इंची. ताकद प्रौढाने १८ ते २४ पाउंडांपासून सुरू करावी. लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो आणि दर इंचामागे साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात २४ पाउंडी धनुष्य २० च्या आसपास येतं.

कंपाऊंडचं गणित वेगळं. त्यात पूर्ण ओढल्यावर भार एकदम उतरतो. ८० टक्के लेट-ऑफ (भाराची ही उतरण) असलेलं ४० पाउंडी धनुष्य धरून ठेवायला फक्त ८ पाउंड लागतात. यामुळेच लोक फसतात आणि ७० पाउंडी धनुष्य घेतात. शिकारीचं धनुष्य बोल्ट सैल करून बहुतेक वेळा दहाएक पाउंडच खाली येतं, म्हणजे ६० वर अडकतं. वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धेत कंपाऊंडला कमाल मर्यादाच ६० पाउंडांची आहे, मग सुरुवातीला एवढं कशाला? ३० ते ४० पाउंडांपर्यंत खाली येणारं धनुष्य शोधा. परीक्षा सोपी आहे: खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य आकाशाकडे न नेता समोर धरूनच ओढा. ओढता आलं नाही तर ते धनुष्य आज तुमचं नाही. आकाशाकडे रोखून ओढायची सवय मोडलीच पाहिजे, कारण तसा अवचित सुटलेला बाण बांध ओलांडून शेकडो मीटर जाऊ शकतो.

रिकर्व्ह जुळवणं

दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर (दोन्ही टोकांत अडकवून धनुष्य वाकवायची दोरी) वापरा. पायात अडकवून वाकवलं तर लिम्ब पिळवटतं आणि ते पुन्हा सरळ होत नाही. जुन्या लाकडी रायझरच्या (मधल्या दांड्याच्या) धनुष्याला डेक्रॉनचीच (थोडं ताणणाऱ्या धाग्याची) दोरी लावा. कमी ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांचा धक्का त्यांना सोसत नाही.

पहिलं माप ब्रेस हाईटचं: पकडीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. ६८ इंची धनुष्याला ८.५ ते ९ इंच हा सुरुवातीचा पट्टा. निर्मात्याच्या पत्रकात आकडा असेल तर तो पाळा. दोरीला पीळ वाढवला की अंतर वाढतं, सोडला की कमी होतं. चार-पाच पीळ बदलून दोन-तीन बाण मारा आणि आवाज ऐका. जिथे धनुष्य सगळ्यात शांत वाजतं ती उंची चांगली. नवी दोरी ताणते, त्यामुळे पहिल्या शंभरेक बाणांनंतर पुन्हा मोजा.

मग टिलर: वरच्या आणि खालच्या लिम्बच्या मुळापासून दोरीपर्यंतचं अंतर. तीन बोटांनी ओढणाऱ्यासाठी वरचं अंतर शून्य ते सहा मिलिमीटरने जास्त ठेवतात. नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसायची खूण) बो स्क्वेअर (दोरीवर लावायचा गुण्या) लावून काटकोनापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर वर बांधा. बाणाचा नॉक दोरीवर हलका 'टक' करून बसला पाहिजे आणि दोरीवर टिचकी मारल्यावर सुटून पडला पाहिजे. टिचकीने पडला नाही तर तो घट्ट आहे, आणि दोरीवर टिकतच नाही तर सैल. सैल नॉक धोक्याचा, कारण ओढताना बाण दोरीवरून निसटला आणि तुम्ही दोरी सोडली तर ते रिकामं सुटणं होतं. रिकामी दोरी सोडणं कुठल्याच धनुष्याला चालत नाही, आणि कंपाऊंडचे तर लिम्ब, कॅम (टोकांची चाकं), केबल एका झटक्यात जाऊ शकतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा पहिली गोष्ट तीच करायला बघतो, म्हणून धनुष्य भिंतीवर शोभेला टांगू नका.

मागून बघताना दोरी धनुष्याच्या मध्यरेषेवर आणा. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी बाणाचं टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसायला हवं. प्लंजरची, म्हणजे बाणाला बाजूने आधार देणाऱ्या खुंटीची, स्प्रिंग मध्यम ठेवा, बाकीचं ट्यूनिंगमध्ये येईल.

कंपाऊंड जुळवणं

प्रेसशिवाय (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) दोरी-केबलला हात लावायचा नाही. दोरखंड, बार, ओळखीचा गॅरेजवाला, यातलं काहीही त्याची जागा घेत नाही. प्रेस जवळ नसेल तर ते काम जाणकार दुकानात किंवा अकादमीत करून आणा. लिम्ब बोल्ट ॲलन कीने फिरवणं घरी करता येतं, पण दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा आणि पत्रकात जितके फेरे लिहिलेत त्यापलीकडे सैल करू नका.

ड्रॉ लेंग्थ कॅमच्या मॉड्यूलवर (त्यावर बसवलेल्या बदलत्या तुकड्यावर) बदलते. पूर्ण ओढल्यावर नाकाचं टोक दोरीला हलकं लागतं, मान ताठ राहते आणि पुढचा खांदा खाली राहतो, तर माप बरोबर. मान मागे कलते किंवा डोकं पुढे काढावं लागतं, तर चूक. मी जितकी धनुष्यं पाहिली त्यात लेंग्थ जास्त असण्याचा दोष सगळ्यात सर्रास आढळतो. अर्धा इंच कमी केला की हाताची थरथर बरीच शमते.

पीप साईट (दोरीत बसवलेलं छिद्राचं कडं) अशी बांधा की डोळे मिटून ओढल्यावर, मग डोळा उघडताच छिद्रातून साईटचा गोल बरोबर मध्ये दिसावा. डी-लूप (दोरीवरचा फास, ज्यात रिलीज हे दोरी सोडायचं हातातलं साधन अडकवतात) घट्ट आहे ना ते पक्कडने ताणून बघा. दोन कॅम असतील तर ते एकाच वेळी थांब्याला टेकतात का, हे दुसऱ्याने बाजूने बघायचं.

बाण

धनुष्यापेक्षा बाणावर जास्त लक्ष द्या. खर्च करायचा झाला तर इथेच करावा असं मी प्रत्येकाला सांगतो. दोरी सुटली की बाण वाकत-सावरत पुढे जातो आणि तो किती वाकतो हे स्पाईनच्या आकड्यात मोजतात. बाण २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच वाकला तर स्पाईन ५००. आकडा मोठा तर बाण मऊ, लहान तर ताठ. तुमची खरी ताकद आणि बाणाची लांबी घेऊन निर्मात्याच्या तक्त्यात बघा. ताकद आणि लांबी वाढली की जास्त ताठ बाण लागतो.

नवशिक्याने बाण ड्रॉ लेंग्थपेक्षा दोन इंच लांब घ्यावा. ओढ वाढली तर टोक रेस्टच्या मागे येऊन हातात घुसण्याचा धोका राहत नाही. कंपाऊंडसाठी दर पाउंडामागे किमान ५ ग्रेन (बाण तोलायचं छोटं एकक) वजन हवंच. ४० पाउंडांना २०० ग्रेन ही तळाची सीमा झाली. मी त्याहून बरंच जड पसंत करतो, धनुष्य शांत राहतं आणि जास्त टिकतं.

बाणाचा तोल टोकाकडे किती झुकतो तेही मोजा. नॉकच्या खाचेपासून बाण २९ इंच आहे आणि तो बोटावर १८ इंचांवर तोलला जातो असं समजू. १८ मधून निम्मी लांबी, १४.५, वजा करा. उरले ३.५. त्याला २९ ने भागलं की सुमारे १२ टक्के. १० ते १५ टक्क्यांत असेल तर ठीक. पिसं प्लॅस्टिकची घ्या, कारण खऱ्या पिसांचा इथल्या दमट हवेत आणि दवात लगदा होतो.

प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी तो दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, थोडा फिरवून पुन्हा वाकवा आणि कानाशी धरून ऐका. करकर ऐकू आली, बोटाला चीर लागली, तर तो बाण तिथेच मोडून बाजूला ठेवा. चिरलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर धनुष्याच्या हातात घुसतो.

ट्यूनिंग

बाण एका जागी यायला लागेपर्यंत ट्यूनिंगला हात घालू नका. दहा मीटरवरचे सहा बाण ताटाएवढ्या जागेत येत नसतील तर दोष धनुष्याचा की तुमचा, हे कळायचं कसं?

आले, की बेअर शाफ्टची चाचणी करा. त्याच जातीच्या दोन बाणांची पिसं काढा. आधी दहा मीटरवर, मग १८ मीटरवर, तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच ठिकाणी नेम धरून मारा. बिनपिसांचे वर लागले तर नॉकिंग पॉइंट थोडा वर घ्या, खाली लागले तर खाली. उजव्या हाताच्या रिकर्व्ह नेमबाजाचे बिनपिसांचे बाण डावीकडे गेले तर बाण ताठ आहे: ताकद थोडी वाढवा, टोक जड करा किंवा प्लंजरची स्प्रिंग सैल करा. उजवीकडे गेले तर मऊ आहे, सगळं उलट करा. आधी वरखालीचं नीट करा, मगच डावं-उजवं. कंपाऊंडमध्ये बिनपिसांचा बाण पिसांच्या गटाच्या (एकत्र लागलेल्या बाणांच्या) डावीकडे लागला तर रेस्ट किंचित उजवीकडे, उजवीकडे लागला तर डावीकडे. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नाही.

कंपाऊंडवाल्यांनी वॉक-बॅकही करावं. बटवर वर एक खूण आणि तिथून खाली ओळंब्याने उभी रेघ आखा. साईट न हलवता, वरच्याच खुणेवर नेम धरून १०, १५, २०, २५, ३० मीटरवरून एकेक बाण मारा. बाण खाली खाली उतरत जातील. ते रेघेवर राहिले तर रेस्ट बरोबर. दूर जाताना डावीकडे सरकत गेले तर रेस्ट थोडा उजवीकडे. साईटचा नियम याच्या उलट वाटतो आणि गोंधळ होतो, म्हणून लक्षात ठेवा: साईट बाणाच्या मागे जाते. बाण डावीकडे लागले तर साईट डावीकडे, वर लागले तर वर.

या सगळ्याची वही ठेवा. ब्रेस हाईट, टिलर, नॉकिंग पॉइंटची उंची, बोल्टचे फेरे, रेस्टची जागा, प्रत्येक अंतराची साईट. पावसाळ्यानंतर धनुष्य पुन्हा काढाल तेव्हा ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते.

सराव

सुरुवात तीन-चार मीटरवरून, कागदाचं लक्ष्य न लावता, नुसत्या बटवर. नेम नसला की लक्ष अंगाकडे जातं. पाय खांद्याइतके फाकवा, वजन दोन्ही पायांवर सारखं. धनुष्य मुठीत आवळायचं नाही. ते अंगठ्याच्या फुगीर भागावर टेकतं, बोटं सैल, आणि निसटू नये म्हणून बोटांना दोरीचा स्लिंग. कोपर थोडं बाहेर वळवलं की दोरी हाताला घासत नाही. रिकर्व्हची दोरी तीन बोटांच्या पहिल्या पेरात अडकवा. ओढताना दंडापेक्षा पाठीचं बळ लागतं, खांद्याची दोन हाडं एकमेकांकडे येतायत असं जाणवलं पाहिजे. हात हनुवटीखाली टेकतो, दोरी हनुवटीला आणि नाकाला लागते. ती जागा म्हणजे अँकर, आणि ती दर वेळी तीच हवी. बोटं उघडायची नाहीत, ती सैल पडली की दोरी आपोआप निसटते. बाण बटमध्ये बसेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणू नका.

रिलीजचा ट्रिगर बोटाने खेचणाऱ्यांना पुढे पुढे नेम बसताच दचकून सोडायची खोड लागते. त्यावर औषध म्हणजे न सोडण्याचा सराव: ओढा, नेम धरा, आणि सावकाश परत उतरवा. दर सहा बाणांत दोन वेळा तरी.

अंतर सावकाश वाढवा: ५, १०, १८, ३०, मग ५०. गट लहान आहे पण मध्यापासून दूर आहे, तर साईट हलवा. गट मोठा आहे, तर मागे या. स्पर्धेत इनडोअरला १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचं, कंपाऊंडला ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचं आणि रिकर्व्हला ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं लक्ष्य असतं. खांदा दुखायला लागला की त्या दिवसाचा सराव संपला. दमलेल्या अंगाने मारलेले बाण चुकीचीच सवय लावतात.

दोघंच असलात तरी शिट्टीची शिस्त ठेवा: दोन शिट्ट्या रेघेवर या, एक शिट्टी मारा, तीन शिट्ट्या बाण काढायला चला. पाच किंवा जास्त म्हणजे ताबडतोब थांबा. बाण उपसताना मागे कोणी उभं नको, नॉक थेट डोळ्यापाशी येतो.

वारा आणि उतार

शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे रोज भेटतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई मंद असतो. दहा-अकराच्या सुमारास तो थांबून समुद्राकडून खारा वारा उठतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणून साईट ठरवायचं आणि ट्यूनिंगचं काम सकाळी करा. दुपार वाऱ्याचा सराव करायला चांगली. बटच्या वर आणि अर्ध्या वाटेवर हलक्या कापडाची पट्टी बांधा. माडाची झावळ वरची हवा दाखवते, बाण मात्र तिच्या खूप खालून जातो.

उतारावर बाणाला आडवं अंतर कळतं. ३० अंशांच्या उतारावर ३० मीटर मोजलं तर आडवं अंतर सुमारे २६ मीटरच भरतं. वर मारा की खाली, साईट २६ ची लावायची. आणि वाकायचं ते कमरेतून. आधी सपाट ओढा, मग कमरेत वाकून नेम आणा. नुसता हात वरखाली केला तर ड्रॉ लेंग्थच बदलते.

खारी हवा आणि पावसाळा

किनाऱ्यावर सराव झाला की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने रायझर, लिम्ब, साईट पुसा आणि लगेच कोरडं करा. मीठ स्क्रूच्या खाचेत, कॅमच्या ॲक्सलपाशी आणि रिलीजच्या सांध्यात बसतं. तिथे पातळ तेलाचा एकच थेंब पुरतो. दोरीला तेल लागू देऊ नका, तिला मेणच. मेण बोटांनी चोळून गरम करून आत जिरवा. सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक धागा) सुटायला लागली किंवा दोरीचा एक धागा जरी तुटला, तर दोरी बदला. लिम्बवर कापूस फिरवा, तो जिथे अडकतो तिथे चीर असते. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य कधीच ठेवू नका, लिम्बचे थर चिकटवणारा गोंद उष्णतेने सुटतो.

जूनला धनुष्य बंद करताना रिकर्व्हची दोरी उतरवा. कंपाऊंड तसंच ठेवतात, फक्त पत्रकात मुभा असेल तेवढे बोल्ट सैल करतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा पेटी उघडून हवा लागू द्या. चामडी टॅबला (दोरी ओढताना बोटांवर घ्यायच्या तुकड्याला) बुरशी धरते, ती पेटीबाहेर टांगा. पेंढ्याचा बट वाळवी आणि ओल यांच्या तावडीत सापडतो, म्हणून तो चिऱ्यांवर उचलून ठेवा किंवा सरळ गुरांच्या अंथरुणाला द्या, मात्र आधी उलगडून टोकं-तुकडे निवडून.

सराव मात्र बंद पडू देऊ नका. मांगरात किंवा पडवीत, आतल्या बाजूला भक्कम भिंत आणि तिच्यापुढे बट असेल तर तीन मीटरवर डोळे मिटून बाण मारता येतात. ते जमणार नसेल तर रबर बँड घेऊन आरशासमोर ओढ, अँकर, धरून ठेवणं आणि परत उतरवणं चालू ठेवा.

ऑक्टोबरात धनुष्य बाहेर काढलंत की वही उघडा. दोरी, सर्व्हिंग, स्क्रू, लिम्ब, प्रत्येक बाण तपासा, ब्रेस हाईट आणि नॉकिंग पॉइंट पुन्हा मोजा, ताकद गेल्या हंगामापेक्षा दोन-तीन पाउंड खाली आणा. पहिला आठवडा पाच मीटरवरच.